राजा काही केल्या मरेना

३ जानेवारी

आज पाटणी चौकातल्या टपरीवर करण सगळ्यांसमोर म्हणाला की आपली सिरीज प्रसेनजितच्या डोक्यात असते, बाकीच्यांच्या फक्त तोंडात. मग माझ्या त्याच डोक्यावर त्याने टपली मारली. सगळे हसले. टपली ही त्याची सवयच आहे. ज्याला जवळचा मानतो त्यालाच मारतो. भागवतला कधी मारत नाही.

'बिनकामाचे तिघं'चे आतापर्यंतचे भाग वाशीमच्या बाहेर फारसे कोणी पाहिलेले नाहीत. तिघं म्हणजे करण, निकिता आणि मी. भागवत कॅमेरा सांभाळतो, एडिटिंगही तोच करतो. लिहितो मी. दिवसभर तहसीलसमोरच्या ऑनलाइन सेंटरवर लोकांचे दाखले काढायचे आणि मधल्या वेळात संवाद सुचवून घ्यायचे. पडद्यावर माझं काम झोपाळू मित्राचं आहे. करण म्हणतो तुझा चेहराच झोपेसाठी बनला आहे. लेखकाला असं काही म्हटलेलं चालतं.

नवीन भागाची कल्पना करणची. त्याने कुठल्याशा इंग्रजी मालिकेत पाहिलं की मित्र-मित्र ऑपेरा बघायला जातात आणि तिथे नुसता गोंधळ घालतात.

"ऑपेरा म्हंजे काय बे?" भागवतने विचारलं.

"जाडा माणूस जोरानं गाते न् लोकं कोट घालून झोपते."

मी सांगितलं, आपल्याकडे संगीत नाटक आहे की. तलवार लागलेला राजा मरता मरता गातो, आणि गाणं संपेपर्यंत मरत नाही.

करणने टेबलावर हात आपटला. "बस! राजा काही केल्या मरेना! अन् आपण तिघं वाट पाहून राह्यलो का हा मरते कवा न् पंगत बसते कवा!"

दुसरी टपली. आज मनापासून बरं वाटलं.

८ जानेवारी

करणच्या घरी बैठक. त्याच्या वडिलांचं, दौलतरावांचं, खताबियाण्यांचं दुकान आहे आणि रिसोड रस्त्याला मंगल कार्यालय. लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी कार्यालय आपल्याला. स्टेज आहे, पडदा आहे, खुर्च्या आहेत.

करणच्या आईने, रंगूबाईंनी, चहा आणला. बाकीच्यांना स्टीलच्या कपात आणि मला कागदी कपात. भागवत आणि निकिता त्यांच्याकडे लहानपणापासून येतात, घरचेच झाले. पाहुण्याला कोरा कप द्यायचा ही रीत मला आवडली.

राजाचं पद मी तिथेच बसून लिहिलं:

थांब जरा रे श्वासा माझ्या,
एक कडवं बाकी आहे.

एक कडवं संपलं की राजा पडतो. लोक टाळ्या वाजवतात. राजा पुन्हा उठतो, अजून एक कडवं. करण वाचून खुर्चीतून घसरला. निकिता म्हणाली, "पण हे खरंच चांगलं हाय रे." मी म्हटलं, तेच तर. चांगलं असलं तरच जास्त हसू येतं.

ही गोष्ट मला आज पहिल्यांदा कळली आणि मीच सांगितली.

११ जानेवारी

राजा मिळत नाही. एका मास्तरांना बोलावलं होतं. ते पहिल्या ओळीपासूनच डोळे फिरवून विनोद करायला लागले. करण वैतागला.

"मले कॉमेडी करणारा नाही पाह्यजे. ज्याले मालूमच नाही का कॉमेडी चालू हाय, असा पाह्यजे. खराखुरा गाणारा. त्याच्या तोंडावर जे येईन ना, ते कोण्या ॲक्टरच्या बापाले जमत नाही."

मला आतून वाटत होतं की आपण काहीतरी द्यायला पाहिजे. प्रत्येक जण काही ना काही देतो. करण जागा देतो, भागवत कॅमेरा, निकिता तिचा चेहरा. मी फक्त कागद देतो.

मी म्हणालो, "माझे बाबा गातात."

"तुया बाप?" भागवत म्हणाला.

"अनसिंगला 'देवमन आणि पार्टी' विचारा. आजूबाजूच्या सगळ्या गावांत भीमजयंतीला बाबाच गातात. वरचा सूर आता थोडा फाटतो."

"फाटते?" करणने विचारलं. "मंग तर सोनंच हाय!"

त्याने मला मिठी मारली. टपली नाही, मिठी. निकिता माझ्याकडे बघत होती. बराच वेळ.

१२ जानेवारी

बाबांना सांगितलं. ते ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना गाण्याशिवाय दुसरं काम नाही.

"संगीत नाटक?" त्यांनी हात थांबवला. "आन् राजाचं काम मले?"

"मुख्य काम तुमचंच आहे."

"कॅमेरा राहीन?"

"राहील."

त्यांनी पद वाचायला घेतलं. ओठ हलत होते. दुसऱ्यांदा वाचताना चाल लागली होती. म्हणाले, "हे तू लेयलं? बावा, लय भारी लेयलं तू. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी असंच पाह्यजे."

मला क्षणभर कसंतरी झालं. हे इथे लिहून ठेवतो, कारण डायरीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. पण ते कसंतरी म्हणजे लेखकाला पहिली दाद मिळाल्यावर होतं ते असावं.

आई शेतातून आली, डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि मला विचारलं, "लोकं रडतीन का हासतीन?"

"कुठे?"

"तुह्या नाटकात. तुहा बाप मरन तवा."

"रडतील," मी म्हणालो.

तिचं हेच एक वाईट आहे. सगळ्यात आधी नको ते विचारते.

१९ जानेवारी

घरात रोज तालीम. ढोलकीला धम्मरत्नकाका येतात. बाबांच्या तरुणपणापासून तेच साथीला. दोघं मिळून माझ्या चार ओळींवर तासन्‌तास घालवतात. बाबांनी मला मरायचं कसं तेही विचारलं. "एकदम पडू का हळूहळू? छातीले हात लावू का?" मी सांगितलं, प्रत्येक वेळी वेगळं पडा. ते अंगणात पडून दाखवत होते. गुडघा खरचटला तर हळद लावून पुन्हा पडले.

आईने लग्नातला जरीचा शालू फाडून त्यांना शेला शिवून दिला. मी म्हटलं कार्यालयातून भाड्याचा आणता येईल. ती म्हणाली, "राजा हाय ना? मंग भाड्याचं काहून?"

बाबांनी गावात सगळ्यांना आमंत्रण दिलं. मोहल्ल्यात घरोघर गेले. अनसिंगहून दोन गाड्या भरतील. करणला सांगितलं तर तो फोनवर ओरडला, "गर्दी फुकटची! तूच माहा खरा दोस्त!"

२५ जानेवारी

निकिताने आज चहाला थांबवलं. एकटीच होती. म्हणाली, "काकाले सांगून टाक ना. त्यांच्या समोर आपण दंगा करणार हाय हे. एवढं तर सांग."

मी म्हटलं, सांगितलं तर रिॲक्शन खरी येणार नाही.

"त्यांच्या ओळखीची माणसं येतीन म्हणते तू."

"म्हणून तर. अनोळखी लोकांसमोर माणूस एवढा मोकळा गात नाही."

ती कप तसाच ठेवून गेली. माझ्या घरच्यांची तिला एवढी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं. ज्या मुलीच्या मनात काही नसतं ती मुलाच्या वडिलांचा विचार करत नाही. तिने अर्धा सोडलेला चहा मीच पिऊन टाकला.

रात्री एकदा वाटलं, बाबांना सांगावं. ते खाटेवर डोळे मिटून हाताने ताल धरत होते. एवढ्या तयारीत अडथळा नको म्हणून राहू दिलं.

१ फेब्रुवारी

शूटिंग झालं. थकलो आहे, पण आजचा दिवस सगळा लिहायचा आहे. पुढे कोणी मुलाखतीत विचारलं तर आठवायला पाहिजे.

संध्याकाळी कार्यालय भरलं. पुढच्या खुर्च्यांवर आम्ही तिघं, मागे सगळं अनसिंग. बायका डाव्या बाजूला, आईही तिथेच. बाहेर आचाऱ्याने भाताचं पातेलं चढवलेलं, त्याचा वास आत येत होता. करणने मुद्दाम तसं ठेवायला सांगितलं होतं.

पडदा उघडायच्या आधी मी विंगेत जाऊन आलो. बाबा मुकुट घालून उभे होते. मिशी चिकटवलेली, अंगावर आईच्या शालूचा शेला. खरंच राजासारखे दिसत होते. त्यांनी माझा खांदा धरला. "पाणी पेलास का तू? चेहरा काहून असा झाला?" स्वतःचं नाटक, तर त्यांना माझ्या पाण्याची काळजी.

खुर्चीवर आलो तर करण कानात म्हणाला, "काही झालं तरी डोये उघडायचे नाही. तू झोपेल हाय. एकदाबी डोये उघडले तं शॉट वाया. समजलं?"

मी डोळे मिटले. आता जे लिहितो आहे ते सगळं ऐकलेलं.

धम्मरत्नकाकांची ढोलकी. मग बाबांचा आवाज. घरात ऐकलेला आणि इथला यात फरक होता. हॉल एकदम गप्प झाला. 'थांब जरा रे श्वासा माझ्या' म्हटलं तेव्हा मागे कोणीतरी 'वा' केलं. पहिलं कडवं संपलं, बाबा पडल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या. खऱ्या टाळ्या.

तेवढ्यात करणचा फोन वाजला. गाढव ओरडण्याची रिंगटोन, मीच शोधून दिलेली. तो फोनवर मोठ्याने बोलायला लागला, "हाव मावशी, नाटकात हावो! नाही, अजून मेला नाही!" एकदोन जण हसले. बाबांनी दुसरं कडवं उचललं. करणने पापड फोडले. मग खुर्ची सरकली, तो उभा राहिला असणार. "मेला! मेला का? चला, पंगत बसली!" मागच्या खुर्च्या खरोखरच सरकल्या. काही लोक बाहेर जेवायला निघालेसुद्धा. आता बरेच जण हसत होते.

बाबा थांबले नाहीत. पहिल्यापासून सुरू केलं, एक सूर वर. तिथे आवाज फाटला. फाटल्याबरोबर सगळा हॉल फुटला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. करण संडास शोधत स्टेजवर चढला, हे माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं. पण त्याने जागेवर भर घातली. "राजेसाहेब, उठा नं, भात थंडा होऊन राह्यला!" काहीतरी धातूचं खाली पडून गडगडत गेलं, मुकुट असावा. ढोलकी मध्येच बंद झाली.

मग एका बाईचा आवाज आला, "अरे, गाऊ द्या नं त्याले!" त्याचं टायमिंग इतकं अचूक होतं की मला वाटलं करणनेच कोणी बसवली असेल. नंतर कळलं, आई होती. भागवत म्हणाला, हे ठेवतो.

शेवटी बाबांचा आवाज अगदी पुढून आला. स्टेजच्या कडेला येऊन उभे असावेत. म्हणाले, "मंडळी, माह्याकून काही चुकलं असन तर माफी करा. मी पुन्ह्यांदा गातो."

त्यावर जे हसू आलं तसं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. छताचे पत्रे हालत होते. माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसू दाबल्यामुळे असेल. पण पापण्या मी हलू दिल्या नाहीत. भागवत नंतर म्हणाला, "तू तं खतरनाक झोपला बे."

कट झाल्यावर पाहिलं. धम्मरत्नकाका नव्हते. बाबा स्टेजवर वाकून मुकुट शोधत होते, अर्धी मिशी ओठावर लोंबत होती. करणला पाहून म्हणाले, "बेटा, पुन्हा घ्याचं का? आता शांत झाले लोकं. आता चांगलं होईन."

"नाही नाही काका, एकदम झकास झालं!" करणने त्यांच्याही डोक्यावर टपली मारली. तो आता बाबांनाही जवळचं मानतो.

परतताना गाडीत आई, बाबा आणि मी मागे. मग बाबा म्हणाले, "तुले झोप लागली व्हती. म्या पाह्यलं. इतल्या गोंधळात बी तू झोपेल व्हता. थकते बिचारा, म्हटलं."

मी म्हणालो, "बाबा, ती ॲक्टिंग होती."

मग सगळं समजावून सांगितलं. गोंधळ ठरलेला होता, फोन ठरलेला, पापड ठरलेले. तुमचं काहीच चुकलं नाही, उलट सगळ्यात भारी काम तुमचंच झालं.

"म्हंजे तुले मालूम व्हतं," बाबा म्हणाले.

"मीच तर लिहिलं आहे."

त्यांनी मान हलवली. "हाव. तूच लेयलं." आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर अंधारच होता.

२ फेब्रुवारी

धम्मरत्नकाका घरासमोरून चालले होते. मी हाक मारली, आत या म्हटलं. ते सायकल धरूनच उभे राहिले.

"पोरा, काल तू झोपेल व्हता तेच बरं," ते म्हणाले. "जागा असता तं तुले काय म्हणावं लागलं असतं मले!"

म्हातारी माणसं. नवीन प्रकारचा विनोद त्यांना लगेच कळत नाही.

१६ फेब्रुवारी

भाग आला. 'राजा काही केल्या मरेना'. नाव तेच ठेवलं.

श्रेयनामावलीत 'लेखन: करण' आहे. माझं नाव 'विशेष सहाय्य'मध्ये, आचाऱ्याच्या वर. करणला विचारलं. तो म्हणाला, "चॅनल एका माणसाच्या नावानं चालते बे, नाहीतर लोकं गोंधळते. आपल्यात काय तुया-माहा हाय का?" खरं आहे. पहिल्या श्रेयापेक्षा मैत्री मोठी. तरी दोनदा पुन्हा बघितलं, नजरचूक तर नाही ना म्हणून.

बाबांनी माझ्या फोनवर पूर्ण भाग पाहिला. न हसता. शेवटी विचारलं, "गाणं पुरं नाही ठेवलं?"

"एडिटिंगमध्ये लांबी बघावी लागते."

"एकबी कडवं नाही. फक्त पडलो तेच हाय."

२१ फेब्रुवारी

व्हायरल! अकोला, अमरावती, नागपूर, सगळीकडे. ज्याच्या त्याच्या स्टेटसला बाबांचं 'मी पुन्ह्यांदा गातो'. लोकांनी त्यावर रील केले. नवरा बायकोची माफी मागतो आहे, नापास पोरगं फॉर्म भरतं आहे, हरलेला उमेदवार पुन्हा उभा राहतो आहे, आणि मागे बाबांचा आवाज. हात जोडलेल्या बाबांचं स्टिकर निघालं आहे. अर्धी मिशी त्यात इतकी छान दिसते.

सेंटरवर एका गिऱ्हाईकाने दाखला चुकल्यावर मला तेच स्टिकर पाठवलं. त्याला माहीत नव्हतं तो कोणाशी बोलतो आहे. मी सांगितलं, हे माझे वडील. त्याचा विश्वास बसेना. अभिमान वाटला.

आईने मात्र फोन बंद करायला लावला. दोन दिवस ती माझ्या ताटात वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. प्रसिद्धीची सवय नसली की असं होतं.

९ मार्च

शेजारच्या गावात बाबांच्या पार्टीला दरवर्षी बोलावतात. यंदा जयंतीला त्या गावाने डीजे ठरवला. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "तसं काही नाही देवमनभाऊ. पोट्टे हासतीन, तुमाले बरं वाटणार नाही, म्हून." बाबांनी त्याला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. तो गेल्यावर हार्मोनियमला कापड गुंडाळलं.

धम्मरत्नकाका येत नाहीत. अंगण मोकळं मोकळं वाटतं. मला लिहायला शांतता मिळते आहे.

३० मार्च

करण आणि निकिताचा साखरपुडा. मला स्टेटसवरून कळलं. करण म्हणाला घरगुतीच होता, कोणालाच बोलावलं नाही. फोटोत भागवत आहे, पण तो फोटो काढायला गेला असणार.

निकिताला अभिनंदनाचा मेसेज केला. तिने उत्तर दिलं: काका कसे आहेत?

मला कळत नाही, या मुलीच्या मनात नक्की काय आहे.

१५ एप्रिल

काल जयंती. मी वाशीमला करणसाठी थांबलो, दुसऱ्या सीझनचं बोलायचं होतं. तो मिरवणुकीच्या गर्दीतच अडकला म्हणाला, भेट झाली नाही. त्यामुळे अनसिंगचा कार्यक्रम हुकला. शेजारची सरिता सांगत होती ते लिहितो.

बाबा स्टेजवर गेले. माझ्या जन्माआधीपासून तेच पहिलं गाणं म्हणतात. पेटीवर बोटं ठेवून आलाप घेतला. मागून एक पोरगं ओरडलं, "पुन्ह्यांदा!" मग चारपाच पोरं. मग सगळीकडून, "पुन्ह्यांदा! पुन्ह्यांदा!" मंडळाचे लोक पोरांच्या अंगावर धावून गेले, काहींना चोप दिला. परत शांतता झाली. सगळे बाबांकडे बघत बसले. बाबांनी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. ते उठले, माईक दुसऱ्याच्या हातात दिला, खाली उतरून चपला शोधत राहिले. सरिता म्हणाली धम्मरत्नकाकांनी त्यांना चपला आणून घातल्या. पायात घातल्या, म्हणाली, लहान लेकराला घालतात तशा.

घसा बसला असेल. एप्रिलमध्ये धूळ फार असते. मी बाबांना ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी घेतल्या.

रात्री आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तुह्या बापानं माह्यासमोर आतालोक कोनाले माफी नाही मांगतली. सरपंचाले नाही, कोन्या पाटलाले नाही. नोकरी जाईन म्हटलं तरी नाही."

मी म्हटलं, म्हणूनच ते इतकं खरं वाटलं लोकांना.

तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मला ओळखतच नाही. खरं सांगायचं तर मला थोडी भीती वाटली.

२२ एप्रिल

करणचा फोन! स्वतःहून. मंगरूळपीरला त्याच्या मामेभावाचं मोबाइलचं दुकान उघडतं आहे. उद्घाटनाला 'मरणारा राजा' पाहिजे. पूर्ण पोशाखात. "काकाले आण, मंग सीझन दोनचं लेखक म्हून तुयं नाव. पयल्या फ्रेमले. माही जबान."

बाबांना विचारायला जीभ रेटेना. का ते कळलं नाही. शेवटी जेवताना सांगून टाकलं. आई ताट सरकवून उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

बाबांनी विचारलं, "तुयं नाव येईन?"

"हो. पहिल्या फ्रेमला."

"या खेपेस नक्की?"

"त्याने शब्द दिला आहे."

त्यांनी घास चावून संपवला. "मंग येतो," म्हणाले.

२७ एप्रिल

मंगरूळपीरहून परत आलो. एकंदरीत कार्यक्रम छान झाला.

आईने सकाळी शेला दिला नाही. पेटीत नाही म्हणाली. मी एक ओढणी खांद्याला पिना लावून बसवली. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. मिशी मी अर्धीच चिकटवली, लोकांना तीच ओळखीची. बसमध्ये कंडक्टरने ओळखलं आणि फोटो काढला.

दुकान भर रस्त्यावर, एसटी स्टँडकडून येणारी गर्दी समोरूनच जाते. स्पीकर लावलेले. करण आला नव्हता. त्याच्या मामेभावाने बाबांच्या हातात माईक दिला आणि म्हणाला, "चला काका, सुरू." बाबांना यावेळी काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी छातीला हात लावला, डोळे फिरवले, आणि पडले. सरळ सिमेंटवर. उठून हात जोडले, "माफी करा मंडळी, मी पुन्ह्यांदा गातो," आणि गायच्या आधीच पुन्हा पडले. हे शेवटचं त्यांनी स्वतःच्या मनाने घातलं. लोक वेडे झाले. बायका लेकरांना उचलून दाखवत होत्या. कोणी तरी 'अजून, अजून' म्हणालं की ते लगेच पडायचे. एकदा कोपर आपटलं, तेही त्यांनी विनोदात बसवलं, कुरवाळत लंगडत गेले. हात दुखत असताना लंगडणं! मला वाटायचं विनोदाची जाण आमच्या घरात फक्त मला आहे.

उन्हं चढल्यावर गर्दी पांगली. बाबा दुकानाच्या पायरीवर बसून पाणी पीत होते. दर्ग्याकडच्या गल्लीतून एक म्हातारा आला. डोक्यावर टोपी, हातात भाजीची थैली. बाबांच्या समोर उभा राहिला.

"तुम्ही अनसिंगवाले देवमनभाऊ ना?"

"हाव."

"माझ्या मुलाच्या लग्नाच्या साली तुमचं गाणं ऐकलं होतं, इथल्या मैदानात. रात्रभर बसलो होतो आम्ही. माझी बायको होती तेव्हा." त्याने थैली खाली ठेवली. "एक म्हणा ना भाऊ. कोणतं पण. हळू म्हणा, माईक नको."

मी फोन काढला, रेकॉर्ड करावं म्हणून.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या फोनकडे. म्हणाले, "मले गाता येत नाही, भाऊ. पडून दाखवू का?"

दुकानातली पोरं खो खो हसली. मीही हसलो, इतकं की फोन हलला आणि शॉट खराब झाला. म्हातारा हसला नाही. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, मग थैली उचलून निघून गेला.

करणला लगेच सगळं लिहून पाठवलं. त्याने अजून वाचलेलं नाही. संध्याकाळी भागवतशी बोललो. तो म्हणाला सीझन दोनसाठी पुण्याचा कोणी लेखक आधीच घेतला आहे, त्याला वाटलं मला माहीत असेल. भागवतला अर्धवट माहिती असते. उद्या करणला प्रत्यक्ष भेटतो.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. कोपर सुजलं होतं, ते दुसऱ्या हाताने झाकून धरलेलं. मी विचारलं, "मजा आली ना बाबा?"

त्यांनी विचारलं, "तुले आली ना?"

मी हो म्हणालो.